योटुनहाइमेनची शिखरे आणि डीएनटीची व्यवस्था : खान्देशातील डोंगरभटक्यांसाठी एक परीक्षण

नॉर्वेच्या दक्षिण भागातील योटुनहाइमेन या उंच डोंगरी मुलखात वाटा आखणे, त्यांवर खुणा रंगवणे, ओढ्यांवर पूल टाकणे आणि मुक्कामाची निवासे चालवणे ही कामे प्रामुख्याने ‘देन नोर्स्के तुरिस्तफोरेनिंग’ ही संस्था करते. तिकडे तिला सगळे ‘डीएनटी’ याच आद्याक्षरांनी ओळखतात. जळगाव आणि धुळे येथील आम्हा काही डोंगरभटक्यांनी ऑगस्टमध्ये या संस्थेच्या भरवशावर येंदे तलावापासून ग्लिटरटिंड आणि गाल्दहोपिग्गेनपर्यंतची फेरी केली. परतल्यापासून ‘जाण्यासारखे आहे का’ आणि ‘एवढे पैसे घालण्यासारखे आहे का’ हे दोन प्रश्न सारखे विचारले जात आहेत, म्हणून हे परीक्षण. मत आधीच सांगून टाकतो. मुक्कामाची सेवा म्हणून पाहिले, तर डीएनटी साधी आहे आणि आपल्या खिशाला फार महाग आहे. वाटेची सेवा म्हणून पाहिले, तर मी आजवर हिंडलेल्या कोणत्याही डोंगरात तिच्या तोडीचे काही मला आढळलेले नाही, आणि या दुसऱ्या गोष्टीसाठी ती चालणाऱ्याकडून एक पैसाही घेत नाही.

हा मुलूख समजून घेतल्याशिवाय सेवेची किंमत कळणार नाही. योटुनहाइमेन राष्ट्रीय उद्यान १९८० साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्रफळ १,१५१ चौरस किलोमीटर आहे. नॉर्वेतील सर्वांत उंच शिखर गाल्दहोपिग्गेन (२,४६९ मीटर) आणि त्याखालोखालचे ग्लिटरटिंड (२,४५२ मीटर) ही दोन्ही येथेच, एका दरीच्या दोन अंगांना उभी आहेत. हिमालयात जाऊन आलेल्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतात आणि तेथेच अंदाज चुकतो. हा प्रदेश ६१ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर असल्यामुळे साधारण अकराशे-बाराशे मीटरवर, म्हणजे आपले तोरणमाळ ज्या उंचीवर आहे तेथेच, बर्चची खुरटी झाडे संपतात. त्यापुढे गवत, मग दगडफुलाने माखलेले धोंडे आणि शेवटी बर्फ. भर जुलैतही माथ्यावरचे तापमान शून्याच्या आसपास उतरू शकते. श्वास लागण्याइतकी उंची नसते, पण वारा, ओल आणि उघडेपणा हे तिन्ही उंच हिमालयातल्यासारखेच असतात.

खडकाबद्दल एक आनंदाची गोष्ट सांगायला हवी. सातपुड्याचा पश्चिम भाग आणि सह्याद्री ज्या बेसाल्टचे आहेत, त्याच घटकांचा, पण पृष्ठभागावर न येता खोल पोटात सावकाश थंड झालेला गॅब्रो हा खडक योटुनहाइमेनमध्ये ठिकठिकाणी आहे. त्याचे स्फटिक जाड आणि पृष्ठभाग खरखरीत असतो, त्यामुळे कोरड्या हवेत बूट त्याला घट्ट धरून राहतो. पावसाळ्यात साल्हेरच्या पायऱ्यांवर शेवाळाने घसरून हात-पाय सोलून घेतलेल्यांना हे सुख वेगळे सांगायला नको. मात्र त्या दगडफुलावर पाऊस पडला की हेच धोंडे निसरडे होतात. आणि धोंडे तरी किती! आपल्याकडे ज्याला घसारा म्हणतात तो मुरमाचा असतो, येथे तो ट्रंकेएवढ्या आणि कपाटाएवढ्या दगडांचा असतो, आणि तासन्‌तास एका दगडावरून दुसऱ्यावर पाय टाकत जावे लागते. गुडघे कच्चे असलेल्यांनी याचा विचार आधी करावा.

आता वाटेकडे येऊ. डीएनटीची स्थापना २१ जानेवारी १८६८ रोजी झाली आणि आज साऱ्या नॉर्वेत मिळून सुमारे २२,००० किलोमीटरच्या उन्हाळी पाऊलवाटांवर तिच्या खुणा आहेत. खूण अगदी साधी: धोंड्यावर किंवा रचलेल्या दगडांच्या ढिगावर लाल रंगात काढलेले रोमन ‘टी’ हे अक्षर. एका खुणेपाशी उभे राहिले की पुढची दिसावी, असा बेत असतो आणि तो बहुतेक ठिकाणी पाळलेला दिसतो. ढग उतरून वीस पावलांपलीकडचे दिसेनासे झाल्यावर या लाल अक्षराचा किती आधार वाटतो, हे तेथे उभे राहिल्यावरच कळते. वाटा फुटतात तेथे लाकडी पाट्या असतात, आणि पाट्यांवर हिरवा, निळा, लाल आणि काळा अशा चार रंगांत वाटेची कठीणता दाखवण्याची पद्धत आहे; हिरवी वाट लहान मुलांसाठी, काळी सरावलेल्यांसाठी. ही पद्धत आपल्याकडे सहज आणता येईल असे वाटते. किल्ल्यांच्या पायथ्याशी वनखात्याने लावलेल्या फलकांवर सूचना पुष्कळ असतात, पण वर वाट किती अवघड आहे हे क्वचितच लिहिलेले असते.

खुणा रंगवण्याचे काम बव्हंशी स्वयंसेवक करतात. दर उन्हाळ्यात रंगाचे डबे पाठीवर घेऊन लोक वाटा वाटून घेतात आणि हिवाळ्यात ढासळलेले दगडांचे ढीग पुन्हा रचतात. मोठ्या ओढ्यांवरचे पूल तर आणखी विचारपूर्वक टाकलेले आहेत: हिवाळ्याचा बर्फ आणि वसंतातला पूर यांत ते वाहून जाऊ नयेत म्हणून अनेक पूल शरद ऋतूत काढून ठेवतात आणि जूनमध्ये परत बसवतात. म्हणून मोसमाच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटी जाणाऱ्याने पूल आहे की नाही याची चौकशी करूनच निघावे, कारण नकाशावर पूल दिसला तरी जागेवर नुसते वाहते पाणी मिळू शकते. अनेर किंवा गोमाई उन्हाळ्यात चपला हातात घेऊन ओलांडणाऱ्यांनी हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याला हलके लेखू नये. दुपारी ऊन वाढले की ते पाणी वाढते. जाता जाता सांगतो, नॉर्वेतील अनेक डोंगरवाटांवरच्या दगडी पायऱ्या नेपाळहून आलेल्या शेर्पा कारागिरांनी रचलेल्या आहेत.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे, आणि ती खान्देशातून जाणाऱ्यालाच जाणवेल. सातपुड्यात वाट चुकली तर एखादा पाडा गाठायचा, अंगणात बसलेल्या पावरा किंवा भिल्ल म्हाताऱ्याला विचारायचे, पाणी प्यायचे, आणि बहुधा त्या घरचा एखादा मुलगा टेकाडापर्यंत सोडायला येतो. अस्तंभ्याच्या यात्रेला तर वाट विचारावीच लागत नाही, माणसांची रांगच वर घेऊन जाते. योटुनहाइमेनमध्ये दोन निवासांच्या मध्ये घर नाही, गुराखी नाही, आणि कित्येक दऱ्यांत मोबाइलला रेंजही नाही. तेथे माणसाची जागा त्या लाल अक्षराने घेतली आहे. ते चुकत नाही, पण बोलतही नाही. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सोबत्यांना हे शेवटपर्यंत रुचले नाही, आणि त्यांचे म्हणणे मला अमान्य करता येत नाही. ज्यांना डोंगर म्हणजे डोंगरातली माणसे वाटतात, त्यांनी हा मुलूख रिकामा वाटेल हे धरून चालावे.

परवानगी मात्र कुठेच मागावी लागत नाही. तोरणमाळ किंवा यावल अभयारण्यात शिरताना नाक्यावर नोंद आणि शुल्क यांची आपल्याला सवय असते. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानातून कोणालाही चालण्याचा हक्क दिला आहे, मग तो परदेशी का असेना. तंबू लावायचा तर वस्तीच्या घरापासून दीडशे मीटर दूर लावावा, एवढे पथ्य. राष्ट्रीय उद्यानाला फाटक नाही, तिकीट नाही. म्हणजे ज्याच्याकडे चांगला तंबू, जाड स्लीपिंग बॅग आणि स्टोव्ह आहे तो डीएनटीला एक क्रोनाही न देता तिच्याच वाटांवरून ही सर्व शिखरे करू शकतो. तरुण आणि हात आखडता असलेल्यांना मी हाच मार्ग सुचवीन. ओढ्याचे पाणी न गाळता पिण्याजोगे असते, त्यामुळे पाण्याचे ओझे उचलावे लागत नाही.

निवासे तीन प्रकारची आहेत आणि तिन्हींची चव वेगळी आहे. पहिला प्रकार कर्मचारी असलेल्या मोठ्या निवासांचा. येंदे तलावाच्या पूर्व टोकाचे येंदेसहाइम, पश्चिम टोकाचे येंदेबू आणि ग्लिटरटिंडच्या पायथ्याचे ग्लिटरहाइम ही त्यांतली. येंदेबू १८७१ पासून चालू आहे, आणि संस्थेच्या आजही चालू असलेल्या निवासांत ते सर्वांत जुने आहे. येथे बंक असलेल्या खोल्या किंवा मोठी सामाईक दालने असतात. गादी आणि रजई मिळते, पण आत घालायचे चादरीचे पोते स्वतःचे न्यावे लागते. बूट दाराशी काढून मोज्यांनी वावरायचे असते, हे आपल्या घरच्या वळणाला धरूनच झाले. ओले कपडे वाळवण्याची गरम खोली असते, आणि पावसाळी दिवसाच्या शेवटी तिचे मोल जेवणापेक्षा जास्त वाटते. पायी आलेल्या सदस्याला जागा नाही म्हणून रात्री माघारी धाडायचे नाही, प्रसंगी जमिनीवर गादी टाकून द्यायची, ही जुनी रीत आहे. तरी जुलै-ऑगस्टमध्ये तिच्यावर विसंबू नये आणि खाटा आधी राखून ठेवाव्यात.

या मुलखातली सगळी निवासे डीएनटीची नाहीत, हे ध्यानात ठेवावे. मेमुरुबू, लेइरवासबू, स्पिटरस्टूलेन ही खासगी आहेत आणि त्यांचे दर व नियम वेगळे असतात. एका खासगी निवासात आम्हाला वाळवणीच्या खोलीत बूट ठेवायलाही जागा मिळाली नाही आणि सकाळी ओल्याच बुटांत पाय घालावे लागले; त्याच रात्री पलीकडच्या खोलीतल्या मंडळींना मात्र सगळे ठीक वाटले, तेव्हा यावरून सरसकट निष्कर्ष काढत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे स्वतःच सर्व करून घेण्याच्या निवासांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण संस्थेचा खरा स्वभाव तेथे दिसतो. येंदेबू आणि लेइरवासबू यांच्या मधल्या उघड्याबोडक्या उंचवट्यावर, सुमारे १,४४० मीटरवर, ओलाव्सबू नावाचे असे निवास आहे. तेथे स्वयंपाकी नाही. कोठीत डबाबंद पदार्थ, सुकी सूप, ओट्स, पास्ता, कडक पोळीसारखी राईची बिस्किटे, चहा, कॉफी, साखर असे सामान फडताळांत लावलेले असते. आपण हवे ते घ्यायचे, गॅसवर शिजवायचे, ओढ्यावरून पाणी आणायचे, लाकडे फोडायची, आणि काय काय घेतले व किती रात्री राहिलो हे स्वतःच नोंदवून पैसे भरायचे. निघण्यापूर्वी भांडी घासून, जमीन झाडून, पुढच्यासाठी पाणी आणि लाकूड भरून ठेवायचे. मोसमात बहुधा एखादा स्वयंसेवक देखरेखीला असतो, पण तो हिशेब तपासायला बसत नाही. एरवी ही निवासे कुलपात असतात आणि सदस्याला अनामत रक्कम भरून एक किल्ली मिळते, जी देशभरातल्या अशा शेकडो दारांना लागते. तिसऱ्या प्रकारात फक्त छप्पर, चूल आणि खाटा, शिधा आपला.

आमच्या गटात या कोठीवर बराच खल झाला. आपल्याकडे असे चालेल का, यावर मते पडली, आणि ‘पहिल्याच आठवड्यात गॅसची टाकी जाईल’ असे म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा होता. मला ते पटत नाही. गावोगावच्या सप्त्यांत भांडारा कोण कोणाला मोजून वाढतो? फरक असा की सप्ता गावाचा असतो, सर्व एकमेकांना ओळखतात, आणि ओलाव्सबूला येणारा माणूस कोणालाच ओळखत नसतो. अनोळखी माणसावर इतका विश्वास टाकायला संस्थेला दीडशे वर्षे लागली आहेत आणि तिची सदस्यसंख्या तीन लाखांच्या वर आहे, हेही विसरून चालणार नाही.

जेवणाबाबत मी फारसे कौतुक करू शकत नाही. मोठ्या निवासांत सकाळी पाव, लोणी, चीज, अंडी, ओट्स, फळांचे मुरांबे असा भरपूर नाश्ता असतो. त्याच टेबलावरून दुपारचा डबा स्वतः बांधून घ्यायचा आणि थर्मासमध्ये गरम पाणी किंवा कॉफी भरून घ्यायची, ही पद्धत उत्तम आहे. तपकिरी रंगाचे गोडसर चीज असते, ते बाजारातल्या खव्याच्या जवळपास जाते आणि भुकेल्या पोटी चांगले लागते. संध्याकाळचे जेवण मात्र ठरलेल्या वेळी, सर्वांना एकत्र, सूप, मग मांस किंवा मासे व बटाटे, मग गोड असे असते. शाकाहारी असल्याचे नोंदणीच्या वेळीच कळवावे लागते; कळवले की ताट मिळते, पण त्यात पालटाची अपेक्षा करू नये. तिखटाचा तर प्रश्नच नाही. आम्ही नेलेली शेंगदाण्याची चटणी आणि वाळवलेला ठेचा दुसऱ्या मुक्कामापासून सोन्याच्या भावाने वाटला गेला, आणि त्या थंडीत वांग्याच्या भरताच्या आणि कळण्याच्या भाकरीच्या आठवणीने मंडळी हळवी झाली. सामान भरताना एक काळजी घ्यावी: युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत, तेव्हा तूप आणि पेढे घरीच ठेवावेत.

आता शिखरांकडे वळू. सर्वांत गाजलेली वाट बेसेग्गेनची. येंदेसहाइमहून सकाळच्या बोटीने मेमुरुबूला उतरायचे आणि डोंगराच्या धारेवरून चालत येंदेसहाइमला परतायचे. चौदा किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि सहा ते आठ तास लागतात. बोट आधी आणि चालणे नंतर हा क्रम पाळावा, म्हणजे शेवटची बोट चुकण्याची धास्ती राहत नाही. मधला टप्पा असा आहे की उजवीकडे खोल खाली ९८४ मीटरवर येंदे तलाव आणि डावीकडे १,३७३ मीटरवर बेसवात्नेत हा दुसरा तलाव, म्हणजे दोन पाण्यांच्या पातळीत जवळजवळ चारशे मीटरचा फरक. आणि आपण त्यांच्या मधल्या अरुंद धारेवर हात टेकत चढत असतो. येंदेचे पाणी हिरवे दिसते, कारण हिमनद्यांनी दळलेले खडकाचे पीठ त्यात मिसळते. बेसवात्नेत निळा आहे. दोन्ही रंग एकाच नजरेत येतात. धार पाहिल्यावर भीती वाटते, पण प्रत्यक्ष चढाईत खाचा मोठ्या आहेत आणि खडक पक्का आहे. हरिहरच्या खड्या पायऱ्या चढलेल्याला हे जमेल. धारेनंतर वेस्लेफ्येल्लेत हा १,७४३ मीटरचा माथा येतो आणि पुढची लांबलचक उतरण कंटाळवाणी आहे. खरी अडचण गर्दीची. वर्षाला पन्नास हजारांहून अधिक माणसे ही धार चढतात, आणि चांगल्या हवेच्या शनिवारी तेथे कळसूबाईच्या शिड्यांसारखी रांग लागते. मधल्या वारी जावे.

गाल्दहोपिग्गेनला दोन प्रचलित वाटा आहेत. एक युव्वासहित्ताहून, म्हणजे १,८४१ मीटरवरून; गाडी तेथपर्यंत जाते, पण पुढे स्टिग्गेब्रेन ही हिमनदी ओलांडावी लागते आणि तिच्यातल्या भेगांमुळे वाटाड्यासोबत, सर्वांनी एका दोराला बांधून जाणे आवश्यक असते. दुसरी स्पिटरस्टूलेनहून, सुमारे अकराशे मीटरवरून सरळ वर. हिमनदी नाही, बर्फाचे पट्टे आहेत, आणि चढ जवळपास चौदाशे मीटरचा, म्हणजे कळसूबाईच्या दीडपट तरी आहे. हिमनदीवर दोराने चालणे हा अनुभव म्हणून चांगला, पण पन्नास माणसांच्या चालीने चालावे लागते. दम असेल त्याने दुसरी वाट घ्यावी. तीत दोन उपमाथे चढून पुन्हा उतरावे लागतात, आणि ‘आलेच’ असे दोनदा वाटून दोनदा निराशा होते, हे आधी कळलेले बरे. या शिखरावर १८५० साली पहिल्यांदा पोहोचले ते त्याच भागातले तिघे स्थानिक रहिवासी होते. माथ्यावर उन्हाळ्यात खाण्यापिण्याचे एक लहान दुकान असते. तेवढ्या उंचीवर गरम पेय मिळाल्याचा आनंद आणि ते तेथे नसते तर बरे झाले असते ही भावना, दोन्ही एकदमच झाल्या.

माझी शिफारस मात्र ग्लिटरटिंडची आहे. एके काळी माथ्यावरच्या बर्फाच्या थरासकट मोजले, तर हेच शिखर गाल्दहोपिग्गेनपेक्षा उंच भरत असे. तो थर वितळत गेला आणि वाद मिटला. आजही शेवटचा टप्पा बर्फावरून आहे. ग्लिटरहाइमहून चढून पलीकडे स्पिटरस्टूलेनला उतरणारी वाट खुणांची आहे, वाटाड्या लागत नाही, गर्दी कमी असते, आणि चढ सुमारे अकराशे मीटरचा असला तरी एका लयीत आहे. उत्तरेकडे बर्फाचा पुढे आलेला पडदा कड्यावर लोंबत असतो, त्याच्या टोकापर्यंत जाऊ नये. खाली आधार नसतो आणि वरून ते दिसत नाही. दरीपलीकडे गाल्दहोपिग्गेन आणि त्याच्या हिमनद्या समोर उभ्या राहतात. तिसऱ्या क्रमांकाचे स्तूरे स्कागास्तोल्सटिंड (२,४०५ मीटर) हे आपल्यासारख्यांचे काम नाही, ते कातळारोहण करणाऱ्यांचे आहे. तेथे १८७६ साली विल्यम सेसिल स्लिंग्सबी हा इंग्रज पहिल्यांदा पोहोचला. त्याचे दोघे सोबती शेवटच्या कातळाखाली थांबले आणि तो एकटा वर गेला.

थांबण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम आहेत आणि ते निवासांच्या भिंतींवर लावलेले असतात. त्यांतला आठवा असा की वेळेवर माघारी फिरा, परतण्यात लाज नाही. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत डोंगरांत अठरा माणसे दगावली, त्यानंतर या नियमांचा देशभर जोरात प्रसार झाला आणि २०१६ मध्ये त्यांची नव्याने मांडणी झाली. हे नियम नुसते भिंतीवर राहिलेले नाहीत, हे मला विशेष वाटले. संध्याकाळी निवासाचे व्यवस्थापक उद्याच्या हवेबद्दल बोलतात, कोणत्या वाटेवर बर्फ शिल्लक आहे ते सांगतात, आणि विचारले तर ‘उद्या वर जाऊ नका, दरीतून जा’ असे स्पष्ट सांगतात. आपला शिखराचा बेत बदलला म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर कीव दिसत नाही. निघताना नोंदवहीत पुढचा मुक्काम लिहायचा असतो, म्हणजे कोणी पोहोचले नाही तर शोध कुठून सुरू करायचा हे ठरते. बचावपथकाचे पैसे संकटात सापडलेल्याकडून घेतले जात नाहीत, तरी प्रवासविमा काढावाच. उन्हाळ्यात उजेड रात्री दहापर्यंत सहज टिकतो, त्यामुळे हवा सुधारण्याची वाट पाहून उशिरा निघणेही शक्य असते. साडेसहाला अंधार पडणाऱ्या मुलखातून गेलेल्या आम्हाला ही सवलत अंगवळणी पडायला वेळ लागला.

खर्चाबाबत आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. एक क्रोना साधारण आठ-नऊ रुपयांचा धरावा. कर्मचारी असलेल्या निवासात खाट आणि तिन्ही वेळचे जेवण मिळून सदस्यालाही एका रात्रीचे दहा हजार रुपयांच्या घरात जातात. सदस्य नसलेल्याला आणखी. सदस्यत्व परदेशी माणसालाही घेता येते आणि काही रात्री राहणाऱ्याची वर्गणी सवलतीतून वसूल होते, तेव्हा ते आधीच घ्यावे. ओलाव्सबूसारख्या ठिकाणी खर्च बराच उतरतो. नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेन व्यवस्थेत आहे, म्हणून शेंगेन व्हिसा चालतो. विमान ओस्लोला उतरते आणि तेथून उन्हाळी बसने पाच-सहा तासांत येंदेसहाइम येते.

कपड्यांचा मुद्दा खान्देशी माणसासाठी वेगळा मांडायला हवा. कापसाच्या मुलखातून आलेल्यांना तेथे पहिली सूचना मिळते ती सुती काहीही अंगाला लावू नका अशी. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतो; आतून लोकरीचा थर, वरून पाणी न शिरणारा कोट, डोक्याला आणि हातांना लोकर, असे भर ऑगस्टमध्ये घालावे लागते. मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हात टेकड्या चढून केलेला सराव पायांना उपयोगी पडतो, थंडीला नाही. त्यापेक्षा आषाढातल्या धो धो पावसात पाटणादेवीच्या डोंगरांत भिजत चालण्याचा सराव जास्त कामाचा.

ज्यांना नॉर्वे ‘पाहायचा’ आहे, फिओर्डमधली जहाजे आणि रेल्वे हवी आहे, त्यांनी योटुनहाइमेनसाठी हा खर्च करू नये. एखाद्या दिवसाची बेसेग्गेनची फेरी त्यांना पुरेल. ज्यांना लहान मुले न्यायची आहेत त्यांना येंदेच्या काठाकाठाने जाणारी वाट आणि बोट एवढेच सुचवीन. सामाईक दालनात घोरणाऱ्यांच्या सोबतीने झोप न येणाऱ्यांनी खोलीचे जादा पैसे मोजावेत. बाकी ज्यांना निवासापासून निवासापर्यंत पाठीवर ओझे घेऊन चालायला आवडते आणि कोणी हाताला धरून न नेता आपली जबाबदारी आपण घ्यायची तयारी आहे, त्यांच्यासाठी ही व्यवस्था घातलेल्या पैशांचा पुरेपूर मोबदला देते.

काळाबाबत शेवटची सूचना. जूनअखेरपर्यंत उंच वाटांवर बर्फ असतो आणि जुलैत नॉर्वेजियन कुटुंबांची सुट्टी असल्याने खाटा मिळणे कठीण जाते. बहुतेक मोठी निवासे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उघडी असतात. ऑगस्टचा उत्तरार्ध आपल्याला सोयीचा पडतो, कारण बर्फ सर्वांत कमी असतो, पूल जागेवर असतात, आणि बहुतेक वर्षी कानबाईचे रोट आटोपून निघता येते. व्हिसाच्या मुलाखतीची वेळ मिळायलाच कधीकधी आठवडे लागतात, म्हणून खाटांची नोंदणी आणि व्हिसाचा अर्ज ही दोन्ही कामे होळीच्या सुमारासच हाती घ्यावीत.